ब्राँझचे दार आणि विज्ञानकथेची समीक्षा

विज्ञानकथेविषयी मराठीत जी चर्चा होते तिच्यात एक कसोटी वारंवार पुढे केली जाते : कथेतून विज्ञान वजा केले असता कथा उभी राहता कामा नये. अमेरिकन लेखक थिओडोर स्टर्जन यांनी केलेल्या व्याख्येशी या कसोटीचे नाते उघड आहे. मात्र त्या व्याख्येचा पहिला अर्धा भाग, म्हणजे कथा माणसांभोवती आणि मानवी प्रश्नाभोवती बांधलेली असावी हा आग्रह, मराठीपर्यंतच्या प्रवासात कोठेतरी गळून पडला. उरली ती वजाबाकी. तिचा परिणाम असा झाला की समीक्षक विज्ञानकथेत शिरतो तो ‘कल्पना’ शोधण्यासाठी. ती सापडली की एका वाक्यात सांगायची, तिची शक्याशक्यता तपासायची आणि निकाल देऊन मोकळे व्हायचे. कथेतील दारे, भांडी, धातू, कपडे ही सारी नेपथ्याची बाब. तिच्याकडे पाहण्यात वेळ दवडायचा नाही. जयंत नारळीकर २०२१ साली नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा मिळाल्याचे सर्वत्र म्हटले गेले. ते खरेही आहे. पण प्रतिष्ठा मिळणे आणि वाचले जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या वजाबाकीला विटलेला दुसरा एक पंथ आहे. तो प्रतीके शोधतो. विज्ञानकथेत ब्राँझ दिसले की तो अपोलोनिअसच्या ‘आर्गोनॉटिका’तील तालोसपाशी जाऊन थांबतो : क्रीट बेटाची राखण करणारा ब्राँझचा राक्षस, घोट्यापाशी एकच शीर, म्हणजे यंत्रमानवाचा आद्य पूर्वज. पूर्वज सापडला की अर्थ सापडला, अशी या पंथाची समजूत असते. नाहीतर ब्राँझ म्हणजे ब्राँझयुग, ब्राँझयुग म्हणजे आदिमता आणि आदिमता म्हणजे भविष्यातील मानवाची अधोगती, ही साखळी तयार असतेच. पहिला पंथ वस्तू ओलांडून कल्पनेकडे पळतो, दुसरा प्रतीकाकडे. घाई सारखीच. मधल्या मध्ये धातू हा धातू म्हणून संहितेत काय करतो, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. तो विचारला तर काय हाती लागते, हे पाहण्यासाठी एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’पेक्षा अधिक सोयीची कृती शोधावी लागणार नाही, कारण ही कृती सर्वांना माहीत आहे अशी सर्वांचीच खात्री असते.

१८९५ साली ती ‘न्यू रिव्ह्यू’मधून क्रमशः आणि लगोलग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. वर्गात तिचा सारांश सांगितला जातो तो असा : इसवी सन ८,०२,७०१ मध्ये मानवजात दोन जातींत विभागली गेली आहे; जमिनीवर नाजूक, आळशी एलॉय, जमिनीखाली यंत्रे चालवणारे मॉरलॉक, आणि खालचे वरच्यांना खातात. सारांश चुकीचा नाही. परंतु कालप्रवाशाला ही माहिती कोणी दिलेली नाही. एडवर्ड बेलमी यांच्या ‘लुकिंग बॅकवर्ड’मध्ये (१८८८) किंवा विल्यम मॉरिस यांच्या ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’मध्ये (१८९०) भविष्यात पोहोचलेल्या पाहुण्याला सर्व काही समजावून सांगणारे यजमान भेटतात. वेल्सचा प्रवासी स्वतःच तक्रार करतो की आदर्श समाजाच्या पुस्तकांत असतो तसा वाटाड्या त्याच्या वाट्याला आला नाही. एलॉयांची भाषा तुटपुंजी, मॉरलॉक त्याच्याशी बोलत नाहीत. वाटाड्या नसलेल्या कथेत सांगण्याचे काम वस्तूंवर येऊन पडते. त्या वस्तूंमध्ये ब्राँझ सर्वांत बोलके आहे.

ते पहिल्यांदा दिसते गारपिटीत. प्रवासी यंत्रासह आपटतो आणि समोर पंख पसरलेला पांढऱ्या दगडाचा प्रचंड स्फिंक्स उभा असतो. त्याचा चौथरा ब्राँझचा आहे आणि त्यावर जंगाल, म्हणजे तांब्याच्या धातूंवर चढणारा तो हिरवा थर, दाट बसलेला आहे. त्याच रात्री यंत्र नाहीसे झालेले असते. हिरवळीवर उमटलेली खूण आणि विचित्र अरुंद पावलांचे ठसे पाहून यंत्र चौथऱ्याच्या आत गेले असावे असा तर्क तो करतो. मग कळते की चौथरा हा भरीव ठोकळा नव्हे. दोन्ही बाजूंना खोल चौकटीत बसवलेले नक्षीदार फलक आहेत, वाजवून पाहिले तर पोकळ, आणि फलक चौकटीशी सांधलेले नाहीत. कडी नाही, कुलपाचे भोक नाही. म्हणजे ती दारे असतील तर आतून उघडणारी. तो मुठीने बडवतो, आतून कोणीतरी खुदकन हसल्यासारखे त्याला वाटते. मग नदीतला मोठा गोटा आणून नक्षीचे एक वेटोळे सपाट होईपर्यंत ठोकतो. जंगालाचे पापुद्रे भुकटी होऊन गळतात. याखेरीज काहीही घडत नाही.

यानंतर विहिरी येतात. तेथे एक बारीक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. पहिल्या संध्याकाळी फिरताना प्रवाशाला घुमटाखाली विहिरीसारखे काहीतरी दिसते. या युगात अजून विहिरी असाव्यात याचे त्याला ओझरते नवल वाटते आणि लगेच तो आपल्या तात्त्विक चिंतनाचा धागा पुन्हा हाती घेतो. (विज्ञानकथेच्या समीक्षेचे इतके नेमके चित्र खुद्द विज्ञानकथेत सापडावे, हा योगायोग मजेदार आहे.) त्या वेळी विहिरीच्या धातूचा उल्लेख नाही. चौथऱ्यावर ठोकून झाल्यानंतर तो पुन्हा विहिरींपाशी येतो तेव्हा त्यांचा काठ दिसतो : ब्राँझचा, कलाकुसर केलेला. खोलातून यंत्राचे धपधप ठोके ऐकू येतात. कागदाचा कपटा टाकला तर तो झर्रकन खाली ओढला जातो. धातूवर हात आपटून घेतल्यावरच डोळ्यांना तो धातू दिसू लागला, असा हा क्रम आहे.

कथन ‘ब्राँझ’ हे नाव घेते त्या जागा एकत्र मांडल्या तर वर आणि खाली यांच्या सीमेवर त्यांची रांग लागते. एलॉयांच्या भोजनगृहात जमीन कसल्याशा कठीण पांढऱ्या धातूच्या ठोकळ्यांची आहे. खाली मॉरलॉकांच्या अंधाऱ्या दालनात मांसाचा तुकडा ठेवलेले छोटे मेजही पांढऱ्या धातूचे आहे. टेकडीवरच्या एका आसनाचा पिवळा धातू प्रवाशाला ओळखता येत नाही. त्यावर गुलाबीसर गंज चढलेला आहे. एका भग्न इमारतीत ग्रॅनाइटचा ढीग ॲल्युमिनियमने बांधलेला आहे. म्हणजे अनोळखी किंवा १८९५ च्या वाचकाला नवलाईचे वाटणारे धातू दोन्ही जगांच्या पोटात आहेत. जेथे एक जग दुसऱ्यात उघडते, तेथे मात्र मानवाला ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या मिश्रधातूंपैकी एक बसवलेला आहे. उंबरठा ब्राँझचा आहे.

एलॉयांचे त्याच्याशी असलेले नाते यावरून उलगडते. चौथरा उघडा अशी खूण प्रवासी करतो तेव्हा त्यांचे चेहरे भीतीने पांढरे पडत नाहीत. एखाद्या कुलीन स्त्रीसमोर अश्लाघ्य हावभाव करावा तसे काहीतरी घडल्याप्रमाणे ते वागतात आणि निघून जातात. अंधाराला ते भितात. ब्राँझच्या दाराचा विषय मात्र त्यांच्यात काढायचा नसतो. ज्या वर्गाचे अन्न, वस्त्र, पायताण दुसऱ्याच्या हातून येते त्या वर्गाने त्या हाताविषयी पाळलेले मौन आणि हे मौन यांत फरक करता येत नाही. अंधाराची भीती प्राण्यालाही असते. शिष्टाचार मात्र समाजाचा असतो, आणि एलॉयांकडे समाज म्हणून उरलेली कदाचित हीच एक गोष्ट असावी.

आता जंगालाविषयी. प्रतीकवादी वाचन जंगालाला काळाची खूण मानते : हिरवा थर, म्हणजे प्राचीनता, म्हणजे नाश पावत चाललेली संस्कृती. स्वतः प्रवासीही प्रथम तसेच मानतो. परंतु तांब्याच्या मिश्रधातूवरचा थर आणि लोखंडावरचा गंज यांचा स्वभाव भिन्न आहे. लोखंडाचा गंज सुटत जातो आणि खालच्या नव्या धातूला खात जातो. ब्राँझवरचा थर चिकटून बसतो आणि खालच्या धातूला बऱ्याच अंशी झाकून ठेवतो. जंगाल म्हणजे नाश नव्हे. ती एवढेच सांगते की या पृष्ठभागावर पुष्कळ काळात कोणाचा हात फिरलेला नाही. तांब्यापितळेची भांडी वापरलेल्या मराठी घराला हे वेगळे शिकवावे लागू नये. कल्हई उडालेल्या भांड्यातले ताक कळकते, आणि चिंचेने घासलेला हंडा लखलखतो तो धातूच्या गुणामुळे नव्हे, रोज घासणाऱ्या हातामुळे. लकाकी ही श्रमाची नोंद आहे आणि जंगाल ही श्रम थांबल्याची.

मग कथेच्या शेवटाकडे काय होते? जंगलातील वणव्यानंतर, वीना गमावून, प्रवासी स्फिंक्सपाशी परततो तेव्हा ब्राँझचे फलक उघडे असतात. ते खाचांमध्ये खाली सरकलेले असतात. आत उंचवट्यावर यंत्र असते. त्याला तेल घातलेले, पुसून स्वच्छ केलेले. प्रवासी आत पाऊल टाकतो आणि फलक सर्रकन वर येऊन चौकटीवर खणखणतात. म्हणजे ज्या दाराच्या बाहेरच्या अंगावर जंगालाचे थर साचले आहेत, त्याची आतली यंत्रणा कुरकुरसुद्धा न करता चालते. बाहेरचे अंग एलॉयांच्या जगाकडे आहे. ते कोणी घासत नाही, कारण त्या जगात घासणारे हात उरलेले नाहीत. आतले अंग मॉरलॉकांकडे आहे आणि ते सांभाळले जाते. एका दाराच्या दोन पृष्ठभागांत या समाजाची संपूर्ण श्रमविभागणी मावली आहे आणि ती प्रवाशाच्या कोणत्याही सिद्धान्ताहून अचूक आहे. त्याचे सिद्धान्त एकामागून एक कोसळतात. साम्यवादी नंदनवन, सुखाने आलेली दुर्बलता, भांडवलदार आणि मजूर यांचे दोन वंश : प्रत्येक वेळी वस्तू आधी येते, सिद्धान्त मागाहून येतो आणि अपुरा ठरतो. बाहेरून जंगाल पाहून तो दाराला मृत समजला, म्हणून सापळ्यात सापडला. कल्पनेचा सारांश सांगणारे समीक्षक त्याच्याच पहिल्या सिद्धान्तापाशी मुक्कामाला राहतात आणि त्याला वेल्सचा सिद्धान्त म्हणतात.

ब्राँझयुगाच्या साखळीची परीक्षा आणखी कठोरपणे करायला हवी. पाषाण, ब्राँझ, लोह ही त्रियुगाची मांडणी कोपनहेगनच्या संग्रहालयातील वस्तूंची व्यवस्था लावताना क्रिस्तिआन युर्गेनसेन थॉमसेन यांनी केली आणि १८३६ मध्ये ती पुस्तिकेतून प्रसिद्ध झाली. ती संग्रहालयाच्या कपाटांची सोय होती. पुढे ती मानवजातीच्या प्रगतीची शिडी झाली. शिडी सार्वत्रिक नाही. दक्षिण भारतात नवाश्मयुगानंतर स्वतंत्र ब्राँझयुग न येता लोहयुग येते. महाराष्ट्रातील जोर्वे, इनामगाव येथील संस्कृतीला पुरातत्त्ववेत्ते ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. त्याच महाराष्ट्रात दायमाबादला १९७४ मध्ये रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी वजनदार ओतीव शिल्पे सापडली आणि त्यांचे नेमके काय करायचे यावर विद्वानांत वाद माजला. ज्या भूमीत ही शिडी अशी डळमळते, तेथल्या समीक्षकाने ‘ब्राँझ म्हणजे मागे जाणे’ हे समीकरण विनातक्रार उचलावे, याला परावलंबनाखेरीज दुसरे नाव नाही.

आणि वेल्सच्या संहितेत तर ही शिडी मुद्दाम मोडलेली आहे. हिरव्या चिनी मातीच्या प्रासादात, म्हणजे भविष्यातील त्या भग्न संग्रहालयात, प्रवासी एका यंत्राचा लोखंडी दांडा उखडून घेतो. पुढे शस्त्रांच्या दालनात कुऱ्हाड किंवा तलवार उचलावी की दांडाच ठेवावा असा विचार करतो आणि ब्राँझच्या दारांपुढे लोखंडच उपयोगी पडेल म्हणून दांडा ठेवतो. थॉमसेनच्या क्रमाने जाणारा वाचक येथे लोहयुगाच्या विजयाची वाट पाहू लागतो. विजय होत नाही. दारे आधीच उघडी असतात आणि दांडा फेकून द्यावा लागतो. तो वापरता आला नाही याची प्रवाशाला जवळजवळ खंतच वाटते. त्याच दालनातल्या बंदुकांपैकी बहुतेक गंजाचे गोळे झालेल्या आहेत. युगांच्या शिडीवर विसंबून आखलेला वेढा असा फुकट जातो, कारण दार हे युगाचे नव्हतेच. ते कोणाच्या ताब्यात आहे एवढाच प्रश्न होता.

संग्रहालयातील आणखी एक तपशील सहसा नजरेतून सुटतो. भटकता भटकता प्रवासी कथलाच्या खाणीच्या प्रतिकृतीपाशी येतो. केवळ योगायोगाने तेथेच हवाबंद पेटीत सुरुंगाच्या दारूची दोन काडतुसे सापडतात. त्याला हर्ष होतो. ती खरी असती तर स्फिंक्स, ब्राँझची दारे आणि आपले यंत्र परत मिळण्याची आशा हे सगळे त्याने एकदम उडवून दिले असते. काडतुसे खोटी निघतात, केवळ प्रदर्शनासाठी ठेवलेली. प्रसंग विनोदी आहे आणि बहुतेक वाचक हसून पुढे जातात. पण ब्राँझ म्हणजे तांबे अधिक कथील. ज्या दाराने प्रवाशाला हताश केले त्याचा निम्मा जन्म ज्या खाणीत झाला, तिची खेळण्याएवढी प्रतिकृती त्याच्यापुढे आहे आणि तो तिच्याकडे पाहतच नाही; त्याचे लक्ष स्फोटकांकडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणी मलायाच्या स्वस्त कथलापुढे मोडत होत्या आणि तेथले खाणकामगार देशोधडीला लागत होते. जमिनीखाली उतरून मिळवलेला धातू, त्या उतरण्याची संग्रहालयातली बाहुली, आणि जमिनीखालून कायमचे न परतलेले मॉरलॉक ही तीन टोके वेल्स जोडून दाखवत नाही. न जोडता शेजारी ठेवतो. वाचकाने जोडायची की नाही हे वाचकावर.

येथे अपेक्षित आक्षेप असा की हा सारा अर्थ वाचकाने लादलेला आहे. वेल्सने ब्राँझ सहज लिहिले असेल, स्मारकाचा चौथरा ब्राँझचा असणे लंडनमध्ये नित्याचेच होते. लेखकाच्या मनात काय होते याचा छडा लावणे हे समीक्षेचे काम नसले, तरी आक्षेप घेणाऱ्यांना चरित्रच हवे असेल तर तेही आहे. वेल्सची आई ससेक्समधील अपपार्क या वाड्यात कारभारीण होती. तेथे नोकरांच्या ये-जा करण्यासाठी जमिनीखालून वाटा होत्या. लहान वयात त्या वाड्यात वावरलेल्या लेखकाला भूमिगत वाटेचे तोंड कोणत्या बाजूने उघडते, हे ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. पण चरित्राची कुबडी घेतली नाही तरी चालेल. फलकांची आतून उघडण्याची रीत, खाचा, जंगालाचे गळणे, यंत्राला घातलेले तेल हे तपशील संहितेत आहेत, एकमेकांशी सुसंगत आहेत आणि कथानकाचा निकाल त्यांच्यावरच लागतो. नेपथ्य असते ते काढून टाकता येते. वजाबाकीची कसोटी खरोखर लावायची असेल तर ती येथे लावून पाहावी : चौथरा लाकडी करा, आणि जंगाल गेले, आतबाहेरचा भेद गेला, सापळाही गेला.

या कसोटीपेक्षा अधिक प्रगल्भ अशी सैद्धान्तिक चौकट दार्को सूविन यांनी ‘मेटामॉर्फोसेस ऑफ सायन्स फिक्शन’मध्ये (१९७९) दिली. विज्ञानकथा म्हणजे ज्ञानात्मक अपरिचितीकरण, आणि त्याचे केंद्र म्हणजे ‘नोवम’, कथाविश्वातले ते निर्णायक नवे. ही संज्ञा त्यांनी अर्न्स्ट ब्लॉख यांच्याकडून घेतली. मराठीत या मांडणीचा उल्लेख आता आदराने होऊ लागला आहे आणि तो व्हायलाच हवा. मात्र तिच्या वापरातून नवे एक आंधळेपण येते. नोवम शोधायचा म्हणजे नवे शोधायचे. जुन्या वस्तू आपोआप बाद. सूविन यांनी ‘द टाइम मशीन’वर स्वतंत्र प्रकरण लिहिले, तिला या प्रकाराचा संरचनात्मक नमुना मानले, आणि त्यांचा भर राहिला तो उत्क्रांतीच्या उलट्या फिरवलेल्या श्रेणीवर. ब्राँझला त्या मांडणीत कामच नाही. वस्तुतः या कृतीतील सर्वांत प्रखर अपरिचितीकरण सर्वांत परिचित पदार्थातून घडते. अनोळखी पिवळा धातू वाचकाला बेचैन करीत नाही. भविष्यात असायचाच, म्हणून तो पुढे जातो. जंगाल चढलेले ब्राँझ त्याने कालच बागेतल्या पुतळ्यावर पाहिलेले असते. तेच आठ लाख वर्षांनंतर आतून हसते.

विज्ञानकथेच्या पाश्चात्त्य समीक्षेचे लाडके दार दुसरेच आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘बियाँड धिस होरायझन’मधील (१९४२) डोळ्याच्या बाहुलीसारखे विस्फारून उघडणारे दार, आणि ते कसे एका शब्दात अख्खे जग उभे करते, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दार चांगलेच आहे. पण ते उघडणाऱ्याच्या बाजूने सांगितलेले दार आहे. त्याची देखभाल कोण करते, हा प्रश्न ते उठवीत नाही. वेल्सचे दार आतून उघडते आणि म्हणून तो प्रश्न टाळता येत नाही. समीक्षेने यांपैकी कोणते दार आपले उदाहरण म्हणून निवडले, यातून समीक्षा स्वतःला दाराच्या कोणत्या बाजूला उभी समजते तेही कळते.

भाषांतराचा प्रश्न यातूनच निघतो आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. कालयंत्राच्या वर्णनात निकेल, हस्तिदंत, स्फटिक आणि पितळ आहे. यंत्र पितळेचे, चौथरा ब्राँझचा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील. एकाच घरातले दोन भाऊ. एक प्रयोगशाळेतील नव्या उपकरणांचा, घासूनपुसून ठेवलेला. दुसरा स्मारकांचा आणि घंटांचा. पहिला दुसऱ्याच्या पोटात कोंडला जातो. मराठीत घाईने दोहोंनाही ‘पितळ’ म्हटले की हा सगळा संबंध पुसला जातो. ‘कासे’ म्हणावे तर तळपायाला तूप चोळण्याची काशाची वाटी डोळ्यांपुढे येते. शिवाय काशात कथील सुमारे पाचवा हिस्सा किंवा किंचित अधिक असते, पुतळ्याच्या ब्राँझमध्ये बरेच कमी. ‘कांस्य’ हा शब्द आता पदकापुरता उरला आहे. तेव्हा ‘ब्राँझ’ हाच शब्द ठेवणे इष्ट. त्यासाठी भाषाशुद्धीच्या मंडळींची नाराजी पत्करावी. हा शब्दच्छल वाटत असेल तर स्टीमपंक नावाच्या प्रवाहाकडे पाहावे. मॉरलॉकांवर ‘मॉरलॉक नाइट’ (१९७९) लिहिणाऱ्या के. डब्ल्यू. जेटर यांनीच १९८७ मध्ये ही संज्ञा घडवली. त्यानंतर तांब्याच्या मिश्रधातूंना जे दिवस आले त्यांत पितळ आणि ब्राँझ यांतला भेद उरला नाही आणि जंगाल तर औषधालाही नाही. सगळे लखलखते, आणि लखलखते ठेवणारा हात अदृश्य.

धातू नाहीसा होऊन त्याचे नाव तेवढे उरले म्हणजे काय होते, हे पाहायचे तर अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या पर्न ग्रहाकडे यावे. ‘वेअर सर्च’ ही तिची पहिली कथा १९६७ साली ‘अ‍ॅनालॉग’मध्ये आली, पुढल्या वर्षी तिला ह्यूगो पारितोषिक विभागून मिळाले आणि कथालेखनासाठी ते मिळवणाऱ्या मॅकॅफ्री या पहिल्या स्त्री ठरल्या. ‘ड्रॅगनफ्लाइट’पासून (१९६८) विस्तारत गेलेल्या या विश्वात ब्राँझ सर्वत्र आहे आणि जिथे ते मिरवते तिथे धातू म्हणून नाही. ब्राँझ हा ड्रॅगनचा रंग. सोनेरी राणी, मग ब्राँझ, तपकिरी, निळा, हिरवा अशी उतरंड. राणीच्या मिलनोड्डाणात जिंकणारा ड्रॅगन ब्राँझ असायचा आणि त्याचा स्वार वेअरचा नायक व्हायचा. अंड्यातून बाहेर येताना जो रंग अंगावर असेल तो जन्मभराचा दर्जा. ‘वर्ण’ या शब्दाचा पहिला अर्थ रंग आहे हे ज्या भाषेत शाळकरी मुलालाही ठाऊक असते, त्या भाषेतील समीक्षेला ही व्यवस्था केवळ मोहक कल्पनारम्यता म्हणून कशी वाचता येते, हे कोडेच आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आत्म्यात मिसळलेल्या धातूंची दंतकथा सांगितली तेव्हा ब्राँझ आणि लोखंड शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या वाट्याला दिले होते, आणि ही एक उपयुक्त थाप आहे हेही कबूल केले होते. पर्नमध्ये ब्राँझ वर चढले, कबुली गळाली. ‘ड्रॅगन्सडॉन’मध्ये (१९८८) ड्रॅगन हे जनुकीय शास्त्राने घडवलेले प्राणी असल्याचे सांगून थापेला प्रयोगशाळेचा दाखलाही जोडण्यात आला. वजाबाकीची कसोटी या दाखल्यावर खूश होईल, कारण तिच्या लेखी आता विज्ञान पक्के झाले.

पर्नमध्ये खरे धातुकाम करणारे लोक नाहीत असे नव्हे. टेल्गर येथे लोहारांचे मुख्य दालन आहे, फँडरेल हा त्यांचा मुख्य कारागीर आहे आणि ‘ड्रॅगनक्वेस्ट’मध्ये (१९७१) तो दूरलेखनाचे यंत्र उभे करण्याच्या खटपटीत असतो. ही पात्रे मॅकॅफ्रींनी जीव ओतून रंगवली आहेत. पण ब्राँझ म्हटले की पर्नच्या वाचकाला फँडरेलची भट्टी आठवत नाही. फ्लार आणि त्याचा म्नेमेन्थ आठवतात. ज्यांच्या हातून धातू जातो त्यांच्याकडून त्याचे नाव काढून घेतले गेले आणि ते कर वसूल करणाऱ्या स्वारांना दिले गेले. त्याच ‘ड्रॅगनक्वेस्ट’मध्ये फ्लारचा सावत्र भाऊ फ्नॉर आपल्या तपकिरी कँथने राणी विरेन्थबरोबर उड्डाण करावे अशी इच्छा धरतो. तपकिरीने ब्राँझची जागा घेण्याचा हा मालिकेतला धीट क्षण. आणि नेमके तेच उड्डाण दुसरी राणी मध्ये पडल्यामुळे दोन राण्यांच्या मृत्यूत संपते. कँथला ते उड्डाण पुरे करता आले असते की नाही, हे कथेला सांगावेच लागत नाही.